डावीकडचे सात अंश

"अहो... अहो, निळी टोपी! तुमची टोपी पडली!"

हाक मारता मारता मोयरा डाल्टन स्वतःच त्या टोपीमागे धावत होती. जून महिना होता, पण थंड उत्तरेकडच्या सेंट जॉन्सचा जून. बंदरावरून धुकं वर चढत होतं आणि बारीक, गार भुरभुर अंगावर येत होती. इस्पितळाच्या उतारावरून ती लोकरीची टोपी वाऱ्याबरोबर खाली पळत होती आणि टोपीचा मालक आपला उलट्या दिशेने, चढावर चालला होता. उंच, ताठ, आणि खिशातून काय पडलं याचा पत्ता नसलेला.

मोयराने शेवटी टोपीवर पाय दिला. ती उचलून, दम खात, त्याच्या डाव्या अंगाला जाऊन पुन्हा हाक मारली. दुसरा कोणी असता तर त्याने मान वळवून पाहिलं असतं. हा थांबला आणि पायापासून डोक्यापर्यंत अख्खाच्या अख्खा वळला. जड कपाट भिंतीपासून हलवताना फिरवतात ना, अगदी तसा.

"बूट उमटलाय की हिच्यावर," टोपी निरखत तो म्हणाला.

"पळून चालली होती. धरावी लागली."

"बाई पोलिसात आहेत वाटतं?"

"नाही, मी तर..." मोयरा बोलता बोलता थांबली. त्याच्या त्या वळण्यावरून तिला कळायचं ते कळलं होतं. आणि कळलं ते बोलायची तिला परवानगी नव्हती. "मला उशीर होतोय," एवढंच म्हणून ती पळाली.

दहा मिनिटांनी इस्पितळातल्या तिच्या खोलीचं दार वाजलं. दारात तोच उभा होता, टोपी हातात घेऊन.

"बघा," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आरोपी स्वतःहून हजर झालाय."

त्याचं नाव अल्फॉन्सस ओड्रिस्कल. पण एवढं लांब नाव फक्त कागदावर. बाकी सगळ्यांचा तो फॉन्स. वय एकोणतीस. खाडीवरच्या आपल्या गावातून होडी काढायची आणि पाहुण्यांना समुद्रातले देवमासे दाखवायचे, हा त्याचा धंदा. त्याच्या घराण्यात कण्याचा संधिवात पिढ्यानपिढ्या चालत आलेला. पाठीचे सांधे सुजतात, मग हळूहळू कडक होतात, आणि एक दिवस एकमेकांना चिकटून बसतात.

"आजोबांना शेवटची पंधरा वर्षं आभाळ दिसलं नाही," फॉन्सने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "स्वतःचे बूट मात्र तोंडपाठ होते त्यांना."

तो हसून सांगत होता. मोयराला हसू आलं नाही.

इस्पितळात त्या दुखण्यावरच्या एका नव्या औषधाची पारख चालली होती. एक्केचाळीस माणसं, दर महिन्याला एक भेट, असं वर्षभर. निम्म्यांना खऱ्या औषधाची सुई, निम्म्यांना नुसत्या मीठपाण्याची. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. हे मुद्दाम. कारण माणसाचं मन मोठं लबाड असतं. समोरच्याला औषध मिळतंय असं नुसतं वाटलं, तरी मोजणाऱ्याच्या हातातली पट्टी आपोआप थोडी लांबते.

मोयरा मोजणारी होती. टाचा भिंतीला लावून उभं राहिलं की डोकं भिंतीपासून किती लांब राहतं, वाकलं की बोटं जमिनीपासून किती वर राहतात, मान उजवीकडे किती वळते, डावीकडे किती... एवढंच तिचं काम. औषधाचं नाव काढायचं नाही. बरं वाटतंय का, हे विचारायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, दुखतं का, हेही विचारायचं नाही. ते प्रश्न वरच्या मजल्यावर दुसरी माणसं विचारत.

मग बोलायचं तरी कशावर? बाकीच्या सगळ्यावर.

"जमीन अजून तिथेच आहे का?" वाकलेला फॉन्स खालून विचारायचा.

"आहे. तेवीस सेंटीमीटर खाली."

"तिला म्हणावं, थोडं तूही वर ये. सगळं मीच करायचं का?"

मानेचं माप घ्यायची तऱ्हा वेगळी. रुग्णाने खुर्चीत ताठ बसायचं, डोक्यावर एक पट्टा, पट्ट्यावर तबकडी. मान वळली की काटा सरकतो. मोजणाऱ्याने मागे उभं राहून वरून काटा वाचायचा, असा नियम. आता मोयरा उंचीने पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि फॉन्स बसला तरी डोंगर. मागून तिला तबकडी दिसेचना. खुर्चीच्या डाव्या अंगाला तपासणीच्या खाटेची पायरी होती, जमिनीला पक्की ठोकलेली. मोयरा तिच्यावर चढली, तिथून काटा छान दिसला, आणि दर महिन्याला ती तिथेच चढू लागली. बाकी चाळीस जणांसाठी तिला ही पायरी कधी लागली नाही.

"उंच झालात आज," फॉन्स म्हणायचा.

"समोर बघा. आता हळूहळू डावीकडे. जमेल तेवढंच."

तो मान वळवायचा. अगदी हळू, दात आवळून... आणि वळणाच्या टोकाला त्याचे करडे डोळे तिच्या डोळ्यांशी येऊन थांबायचे. मोयरा घाईघाईने काटा वाचायची. वाचलेला आकडा लिहिताना पेन्सिल का अडखळते, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

असाच एकदा तिने विचारलं, "होडीवर सगळ्यांना ओरडून सांगता ना, डावीकडे देवमासा म्हणून? मान तर वळत नाही. दिसतो कसा तुम्हाला?"

"दिसतो कुठे! डाव्या बाकावरच्या बायका किंचाळल्या, की मी जाहीर करतो."

"अहो, ही तर फसवणूक झाली!"

"फसवणूक कसली? देवमासा असतोच की तिथे. फक्त मला सोडून सगळे बघतात."

हिवाळ्यात तो बर्फातून दीड तास गाडी हाकत यायचा. एकदा त्याने घरच्या लाल बोरांच्या मुरांब्याची बरणी आणली. रुग्णाकडून काही घ्यायचं नाही, हाही एक नियम. म्हणून मोयराने ती चहाच्या टेबलावर सगळ्यांसाठी ठेवली. आठवड्याभरात ती एकट्या फिलमावशीने संपवली. फिलमावशी म्हणजे फिलोमिना, इस्पितळातली साठीची परिचारिका. मोयराच्या मापांचा पडताळा घ्यायचं काम तिच्याकडे. दर तिसऱ्या भेटीला प्रत्येकाचं माप तीही घ्यायची, मोयराचा कागद न बघता.

"त्या मुलाला म्हणावं, बरणी लहान होती," बोट चाटत मावशी म्हणाली. मग डोळे बारीक करून, "आणि तू काय गं, त्याच्या भेटीच्या दिवशीच केस सोडतेस?"

"मावशी! आज वारा नाही म्हणून सोडलेत."

"या गावात वारा नाही? कधीपासून?"

मार्चमध्ये डॉक्टर टोबिननी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. पांढऱ्या मिशांचे, सावकाश बोलणारे डॉक्टर. या पारखेची सगळी जबाबदारी त्यांची. त्यांनी एक कागद टेबलावर सरळ केला.

"मोयरा, एक्केचाळीस माणसं. चाळिसांचं तुझं माप आणि फिलचं माप दोन अंशांच्या आत जुळतं. असं काम मी फार थोड्यांचं पाहिलंय. पण एका माणसाचं, आणि त्याच्याही एकाच बाजूचं, जुळत नाही. तीन वेळा दोघींनी मोजलं, तिन्ही वेळा तुझा आकडा सात अंशांनी जास्त."

कोणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. मोयराचे कान तापले.

"मी वाढवून लिहिलं नाही, डॉक्टर."

"मुद्दाम लिहिलंस असं मी म्हणत नाही. पण मला हे वरच्या समितीला कळवावं लागेल, आणि ते विचारतील, एक माप मनाने वाढलं असेल तर उरलेली चाळीस खरी कशावरून? तुझी नऊ महिन्यांची सगळी मापं बाजूला ठेवावी लागतील. ती माणसं वर्षभर सुया टोचून घेतायत, मोयरा. बर्फातून येतायत. ते सगळं वाया जाईल."

जिन्यात चहाचा पेला हातात धरून मोयरा बसून राहिली. चहावर साय धरली तरी तिने तोंड लावलं नाही. फिलमावशी गुडघ्यावर हात टेकत शेजारी बसली.

"पोरी, खरं सांग. तुला तो आवडतो?"

मोयराने पेला पायरीवर ठेवला. मग, "हो."

"त्याने बरं व्हावं असं वाटतं?"

"फार वाटतं, मावशी."

"मग काटा वाचताना तुझ्या डोळ्याने..."

"तेच मला माहीत नाही!" मोयरा एकदम म्हणाली. "मी खरंच जे दिसलं तेच लिहिलं. पण मन लबाड असतं, हे मीच सगळ्यांना शिकवते. माझं कशावरून नसेल? त्याचे आजोबा सारखे माझ्या डोळ्यांपुढे येतात... खाली मान घातलेले."

मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. खालून कोणीतरी चाकांची खुर्ची नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते ऐकता ऐकता मोयराला मापाची खुर्ची आठवली आणि ती एकदम ताठ बसली.

"मावशी... तू त्याचं माप घेतेस तेव्हा कुठे उभी असतेस?"

"कुठे म्हणजे? मागे. नियमाप्रमाणे. मी काय तुझ्यासारखी बुटकी आहे?"

मोयरा दोन दोन पायऱ्या चढत डॉक्टरांच्या खोलीत पोचली. "माझी चूक सापडली, डॉक्टर. म्हणजे... एक तरी नक्की सापडली. मी मागे उभी नसते. डावीकडच्या पायरीवर असते. आकडा मी वाढवते की तो खरंच जास्त वळतो, ते बघता येईल. पण काटा मी वाचायचा नाही. तुम्ही वाचा."

डॉक्टरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "आणि तुझाच डोळा लबाड निघाला तर?"

"तर सगळं बाजूला ठेवा. मी स्वतः सही करीन."

पुढच्या आठवड्यात फॉन्सला बोलावलं. आज मान जरा जास्त वेळा वळवायची आहे, एवढंच त्याला सांगितलं. तो खुर्चीत बसला. डॉक्टर टोबिन एका स्टुलावर चढून मागे उभे राहिले, नजर फक्त तबकडीवर. सहा बंद पाकिटं होती. एकेक उघडायचं आणि चिठ्ठीत असेल तसं करायचं. पायरीवर कधी मोयराने उभं राहायचं, कधी फिलमावशीने, कधी कोणीच नाही. आकडे डॉक्टर आपल्या वहीत लिहिणार. मोयराला शेवटपर्यंत काही कळणार नाही.

पहिल्या चिठ्ठीत पायरी रिकामी. फॉन्सने मान वळवली. दुसऱ्या चिठ्ठीला फिलमावशी चढली आणि तिने चक्क त्याला डोळा मारला. तिसऱ्या चिठ्ठीला मोयरा.

ती पायरीवर चढली. आज कागद नव्हता, पेन्सिल नव्हती, नजर ठेवायला काटा नव्हता. बघायला उरला तो फक्त समोरचा माणूस. तो मान वळवत होता. कपाळाला आठी, गळ्याची शीर ताणलेली... नेहमीच्या जागी तो अडला. मग आणखी थोडा वळला. आणि थोडा. मोयराला ओरडून सांगावंसं वाटलं, पुरे रे, पुरे. ते करडे डोळे तिच्यापर्यंत पोचले आणि मगच थांबले.

सहाही पाकिटं संपली. डॉक्टर स्टुलावरून उतरले, वही डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, पुन्हा जवळ आणली.

"पायरीवर कोणी नाही, तेव्हा एक्केचाळीस आणि चाळीस. फिल असताना एक्केचाळीस आणि बेचाळीस." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मोयरा असताना अठ्ठेचाळीस. दोन्ही वेळा."



"म्हणजे?" फिलमावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी एवढा डोळा मारला, त्याचा एकच अंश?"

फॉन्सचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. तोंड लपवायला त्याला मानही वळवता येईना. "डॉक्टर, मी... काही चुकीचं केलं का?"

"नाही रे बाबा. मान वळवणं हा काही गुन्हा नाही." डॉक्टर मोयराकडे वळले. "तुझा हात सच्चा आहे. पायरी चुकीची होती, आणि तसं मी समितीला लिहीन. याच्या डाव्या बाजूला फक्त फिलची मापं धरायची. बाकी चाळिसांना धक्का नाही."

मोयराने भिंतीला पाठ टेकली. 

"मात्र यापुढे याचं एकही माप तू घ्यायचं नाहीस," डॉक्टर म्हणाले. "आणि जूनमधली याची शेवटची भेट होईपर्यंत दोघांनी भेटायचं नाही, बोलायचं नाही."

"का पण?" फॉन्स एकदम म्हणाला.

उत्तर फिलमावशीने दिलं. "कारण हिच्यामुळे तुझी मान वळते, राजा. आणि आम्हाला औषध मोजायचंय."

तीन महिने. एप्रिलमध्ये एकदा लांबच्या व्हरांड्यात तो दिसला. त्याने निळी टोपी काढली, छातीशी धरली आणि पुन्हा डोक्यावर घातली. मोयराने हातातल्या कागदांचा गठ्ठा उगाचच सरळ केला. एवढीच काय ती भेट. मे महिन्यात खाडीत हिमनग आले, सगळं गाव बघायला गेलं, मोयरा गेली नाही. त्या बाजूला त्याचं गाव होतं.

"मी काही टपालवाली नाही," फिलमावशी बजावायची. आणि मग चहा ढवळत, वाऱ्याशी बोलल्यासारखी, "डावीकडे एक्केचाळीस. या वेळी मी लिपस्टिकसुद्धा लावली होती. एक्केचाळीसच."

जूनच्या एका गुरुवारी फॉन्सची शेवटची भेट झाली. शनिवारी मोयराने तिकीट काढलं. इतर पाहुण्यांसारखंच, रांगेत उभं राहून. भुरभुर होतीच, धुकंही होतं. धक्क्याजवळच्या वाळूवर चांदीसारखे बारीक मासे लाटांबरोबर लोळत येत होते आणि बायका-पोरं बादल्या भरत होती. होडीवर तीसेक माणसं चढली. मोयरा गुपचूप चढली आणि सुकाणूच्या डाव्या हाताच्या बाकावर जाऊन बसली.

फॉन्सला ती दिसली नाही. दिसणारच कशी!

होडी खाडीबाहेर आली. त्याने भोंगा हातात घेतला आणि नेहमीच्या ठसक्यात सुरू केलं, "मंडळी, डोळे उघडे ठेवा. डावीकडे लक्ष..."

"डावीकडे काय आहे?" बाकावरून आवाज आला. "बघून सांगा हं. नुसतं ऐकून नाही."

भोंगा त्याच्या हातातच राहिला. मग मान वळू लागली... हळू, दात आवळून, नेहमीच्या जागी अडून, आणि पुढे.

"अटक करायला आलात?" शेवटी तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"नाही. विचारायला आलेय. वर्षभर विचारता आलं नाही, ते." मोयराने ओठ चावला. "फॉन्स... दुखतं का रे?"

त्याचा एक हात सुकाणूवर तसाच होता, पण डोळे भरून आले होते.

"वरच्या मजल्यावर दर महिन्याला विचारायचे," तो म्हणाला. "शून्य ते दहा, किती दुखतं, म्हणून. मी आकडा सांगायचो. पण असं कोणी विचारलं नाही." त्याने श्वास घेतला. "दुखतं. सकाळी फार. आणि डावीकडे वळलं की इथे, कानाच्या खाली, दाभण टोचल्यासारखं. सुयांनी थोडं कमी झालंय. औषध होतं की मीठपाणी, कोण जाणे."

"सगळा हिशेब पुरा होईपर्यंत, अजून दोन वर्षं कोणालाच कळणार नाही. मलाही."

"पण वळायची मान, ती..."

"मला माहीत आहे कशाने." मोयरा म्हणाली. "अरे, एवढं दुखत होतं तर वळायचास कशाला?"

"तू तिथे उभी असायचीस," तो म्हणाला, जणू याहून सोपं उत्तर दुसरं नव्हतंच.

मोयराने डोळे पुसले. "मग मी आता उजवीकडच्या बाकावर बसते. तिथे तुला सोपं जाईल."

"हलू नकोस," फॉन्स घाईने म्हणाला. "इथेच बस. रोज इथेच. आजोबांच्या डाव्या बाजूला कोणी बसत नव्हतं."

मोयरा उठली, पण उजवीकडे गेली नाही. तिने त्याच्या खिशातून लोंबणारी निळी टोपी ओढून काढली, पडायच्या आत, आणि पायांच्या बोटांवर उभी राहून त्याच्या डोक्यावर घातली. तिचा हात खाली येताना त्याच्या कानाखाली, जिथे दाभण टोचायचं तिथे, क्षणभर टेकला.

तेवढ्यात उजव्या बाजूला आरडाओरडा झाला. सगळी माणसं तिकडे धावली, होडी कलली, पोरं टाळ्या पिटू लागली. पाण्यातून भलामोठा देवमासा उसळला होता, इतका जवळ की पुढे कितीतरी दिवस ती माणसं त्याच्याबद्दल सांगत राहिली.

सुकाणूवरच्या माणसाला आणि डाव्या बाकाजवळच्या बाईला मात्र तो दिसला नाही.